मुदत

मार्केट यार्डात, हळदीच्या सौद्याच्या हॉलमागे
टेबलफॅनच्या वाऱ्यात बसून
मी सर्व्हरला माणसं लक्षात ठेवायला शिकवत होते.

त्याला स्वतःहून काही आठवत नाही.
तुम्ही दार वाजवता, तो उत्तर देतो, संपलं.
पुढच्या क्षणी तुम्ही परके.
म्हणून पहिल्याच भेटीत तो एक चिठ्ठी देतो,
ही तुमच्यापाशी ठेवा, येताना दाखवत जा.
तिला कुकी म्हणतात.
चिठ्ठीवर नाव नसतं.
बत्तीस अक्षरांची निरर्थक रांग, आणि एक मुदत.
जिथली तिथेच चालते,
सांगलीची चिठ्ठी तासगावच्या बेदाण्याला उपयोगाची नाही.

मी ती रुमालाखाली झाकली,
पानावरच्या कुठल्या स्क्रिप्टला वाचता येऊ नये म्हणून.
पूर्वी सौदे असेच व्हायचे म्हणे,
रुमालाखाली बोटं दाबून.

मुदत टाकली वीस मिनिटं. शिकवताना तशीच शिकवली होती.

चौथ्या दिवशी पायगोंडा आण्णा आले. तोलार, मालगावचे.
सदतीस वर्षं काट्यावर.
नखांच्या मुळाशी पिवळं, कशानंच न जाणारं.
टॅब्लेट टेबलावर उपडा ठेवला.
"पोरी, तुझ्या ह्या पाटीला माझं नाव किती बारी सांगू?
एक गाडी उतरंस्तवर इचारतंय, तुम्ही कोण.
यार्डातलं कुत्रंबी वळखतं मला."
मी म्हटलं, सुरक्षेसाठी असतं ते.
"व्हय. पण कुणापास्नं? माझ्यापास्नं?"

रात्री मुदत दिवसभराची केली.

तर दुसऱ्या संध्याकाळी इराप्पानं तोललेली बेचाळीस पोती
आण्णांच्या नावावर पडली,
चिठ्ठी त्यांची तशीच आत होती.
तक्रार घेऊन पुन्हा आण्णाच.
"मी तोललं न्हाई, ते माझ्या नावं नको."

मग एक बटण केलं, मोठं. पाळी संपली.

दिलेली चिठ्ठी हिसकावून घेता येत नाही, हे तेव्हा नीट कळलं.
तीच चिठ्ठी पुन्हा पाठवायची,
मुदतीच्या जागी होऊन गेलेली तारीख घालून.
बहुतेक जण एक जानेवारी एकोणीसशे सत्तर घालतात.
ब्राउझर ती बघतो आणि विसरतो.

त्या तारखेला आण्णा आठ-नऊ वर्षांचे.
हरिपूरला बापाबरोबर पेवावर जायचे.
आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा,
तो विझला नाही तर माणूस.
हे त्यांनीच सांगितलं होतं, बटण दाबून बघता बघता.

मार्चमध्ये आण्णा निवृत्त झाले. नारळ, शाल, फोटो.
टॅब्लेट परत आला, पडद्यावर अंगठ्याएवढा पिवळा डाग.
पण त्यांच्या स्वतःच्या फोनवर
मीच कधीतरी दिलेली वर्षाची चिठ्ठी राहून गेली.

लॉगमध्ये दिसते.
रोज सकाळी पावणेआठला येते, एकदाच.

नियमाप्रमाणे सत्तर सालची तारीख पाठवायला हवी.
ओळ लिहून तयार होती.
मी वाट तेवढी अरुंद केली.
काट्याला हात लावायचा नाही, पोती नाहीत, पावत्या नाहीत.
फक्त आजचे भाव, या एका पानापुरती ती चालेल.
कोडमध्ये वर शेरा लिहिला, विचारल्याशिवाय काढू नये.
कुणाला विचारायचं, ते लिहिलं नाही.

सौदे दहाला सुरू होतात.
पावणेआठला ते पान कोरं असतं,
राजापुरी, सेलम, गट्टू, कणी,
पुढे नुसत्या रेघा.
आण्णा ते उघडतात,
आणि मिटतात.