नववी खुंटी

पहिल्यांदा पडला तो पाडव्याच्या आदल्या रात्री,
साडेअकराला, काही न सांगता.
पडदा काळा,
आणि पंख्याचा दमत दमत थांबणारा सूर.

मी मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेब लिहिते.
चूक कुठं लपते ते मला ठाऊक आहे,
असं तेव्हा वाटायचं.
म्हणून लाल कापडाची एक वही घातली त्याच्या नावानं:
तारीख, वेळ, काय उघडं होतं, खोलीत ऊन किती,
शेवटच्या रकान्यात ‘पडला’.

चार दिवस पळायचा, मग एका रात्रीत तीनदा.
जड काम दिलं तर मुकाट ओढायचा.
एकदा तर मी नुसती समोर बसले होते.

झाकण काढलं. पात्यांवर पिवळी साय,
माझ्याच केसांतून, पदरातून आलेली.
ब्रशनं झाडली, शिंकले, वाटलं मिटलं.
बुधवारी पडला.

मेमरीच्या दोन पट्ट्या. आधी एक काढून, मग दुसरी.
एका वेळी एकच बदल, ही पेढीची शिकवण;
दोन आकडे एकदम खोडले तर
वही तेवढी घाण होते.
रात्रभर तपासणी लावून झोपले.
सकाळी पडद्यावर: चुका शून्य.
इतका राग मला कुठल्या शून्याचा आला नव्हता.

नजीरभाई मुल्ला मीटर घेऊन आले,
सॉकेटात टोकं धरून म्हणाले,
“दोनशे पंचवीस. गिरणी लागली की दोनशे दहा. दबतंय बघा.”
झालं. मला नाव मिळालं.
भिंतीपलीकडं मिसाळांची गिरणी.
तीन आठवडे मिसाळवहिनींशी धड बोलले नाही,
दळण पूल ओलांडून गावभागात नेलं,
रिक्षाचे पैसे कुठंच लिहिले नाहीत.
मग एका सोमवारी,
गिरणीला कुलूप असताना,
पडला.

खणभागात सातगोंडा चौगुलेचं दुकान.
तो बोर्ड पेटीतून काढायचा, पुठ्ठ्यावर मांडायचा,
चालू करून चहा सांगायचा.
“मॅडम, घोड्यागत पळतंय की!
तुमी नेता आन् बिघडतंय.
घरात कोण तापट हाय का?”
घरात मी एकटीच असते.

तिसऱ्या खेपेला, मांडीवर पेटी,
आयर्विन पुलावर उसाच्या ट्रॉलीमागं अडकलेली रिक्षा,
आणि एकदम:
पुठ्ठ्यावर पळतो. पेटीत पडतो.
पेटी मी भरली होती.

घरी येऊन चप्पलसुद्धा काढली नाही.
आठ स्क्रू सोडवले, बोर्ड उचलला.
खाली पत्र्यावर पितळी खुंट्या. मोजल्या. नऊ.
बोर्डाला भोकं आठ.
नववी कशालाच न धरता उभी,
बारीक रेघांपासून केसभर लांब.
ऊन चढलं, बोर्ड जरासा वाकला,
की टेकत असणार.
पाठीवर तिचा डाग होता, तिळाएवढा.

वहीचं पहिलं पान काढलं.
जोडणीच्या दिवशीचं, माझंच अक्षर:
‘खुंट्या लावल्या ९. स्क्रू ८.’
पुढं बरोबरची खूण.
पेढीवरच्या पोराला मी
एवढ्याशा चुकीवरून दिवसभर उभं केलं असतं.

खुंटी सुट्ट्या पैशांच्या डबीत टाकली.
सातगोंडाला अजून सांगितलेलं नाही.
ज्वारी मात्र मिसाळांकडं नेली.
“लई दिसांनी? गावाला गेलतासा व्हय?”
मी हो म्हणाले.
पीठ गरम होतं. पिशवी छातीशी धरून घरी आले.

आज सतरावा दिवस.
‘बरा झाला’ लिहायला हात धजत नाही.
ज्याचं पडणं सांगून येत नव्हतं
त्याचं न पडणं किती दिवस मोजायचं,
हे पेढीवर कुणी शिकवलेलं नाही.
रोज तारीख घालते, शेवटच्या रकान्यात ‘अजून नाही’,
आणि दिवा मालवून
थोडा वेळ पंखा ऐकत बसते.