चेंडू आत जातो का

आग्रा रोडला दुपारी तीन वाजता कुत्रंही सावली सोडत नाही,
तेव्हा एसटी वर्कशॉपचे भिकन आप्पा दुकानात आले.
नखांत काळं ऑइल. मागे तेजल,
खांद्यावर स्वतःहून लांब किट.

काउंटरवर मी दोन हेल्मेटं ठेवली,
एक साडेनऊशेचं, एक साडेसहा हजारांचं.
आप्पांनी महागडं उचललं,
बेअरिंग पारखावं तसं कानाशी नेऊन टिचकी मारली.
'हाई महाग शे, तं डोकं जास्त वाचस का, भो?'

मालक गल्ल्यावर पेंगत होते,
म्हणून खरं बोललो:
आतल्या शिक्क्यात दोन्ही पास आहेत.
किती मार्कांनी, ते शिक्का सांगत नाही.
वरचे पैसे हलक्या जाळीचे, वाऱ्याच्या भोकांचे,
आणि खोक्यावर हसतोय त्या माणसाचे.

'मंग एक नंबर मोठं द्या. पोर वाढस.'

मोठं घातलं. तेजलनं मान वळवली,
हेल्मेट तिच्यामागून वळलं,
जरा उशिरा.
ड्रॉवरमधून चेंडू काढून मी जाळीवरच्या फटीत दाबला.
तो आरामात आत गेला,
तिच्या नाकाशी थांबला.

आप्पा काही बोलले नाहीत.

माझ्या भुवईत सात टाके आहेत.
ते हेल्मेट क्लबचं, सगळ्यात महाग,
म्हणूनच कुणाला टाकवत नव्हतं.
माझ्याआधी दोघांचा मार खाऊन बसलेलं,
वरून रंग मात्र कोरा.

साडेनऊशेचं तिच्या मापाचं निघालं.
चेंडू फटीत अडला, अडूनच राहिला.
'पण यात डोकं शिजतं,' तेजल म्हणाली,
आणि तेही खरंच होतं.
आपल्याकडचा मे महिना, चव्वेचाळीस अंश,
दर ओव्हरला ती ते काढून काखेत धरणार.
काखेतलं हेल्मेट कुठल्याच किमतीचं असो,
काख तेवढी वाचते.

तिनं दोन्ही पुन्हा घालून पाहिली.
मग स्वतःच साडेनऊशेचं पुढे सरकवलं.
'नाही काढणार.'

आप्पांनी माझा मार्कर मागितला,
हेल्मेटच्या आत तारीख लिहिली,
वर्कशॉपात नव्या पार्टवर लिहितात तशी.
'एक मार बसना का बदली टाकूत.
ब्रेक लायनर काय किंमत दखीसन बदलतस का?'

बाहेर ऊन पांढरं झालेलं.
तेजल पट्टा आवळून मागच्या सीटवर बसली, जाळीसकट.
आप्पांनी गाडीला किक मारली,
उघड्या डोक्यानं.