डावा पाय

गुदैबियातली गच्ची. सत्त्याऐंशीचा ऑगस्ट.
रात्रीचे साडेअकरा, तरी कठड्याला हात लावावा तर चटका.
पाण्याच्या दोन टाक्या, मधे साडेतीन फुटांची फट.
"मार उडी," भालू म्हणाला.

मी तेरा वर्षांची. डोक्याला आईचा पंचा,
भालूचा पायजमा नाडीने करकचून आवळलेला.
इक्बाल परकारच्या खांद्यावर लग्नांच्या शूटिंगचा कॅमेरा,
सकाळी दुकान उघडायच्या आत परत ठेवायचा.
टाकी ते टाकी. परत. पुन्हा.
नवव्या उडीला घोटा मुरगळला.
दहाव्या उडीला डावा पाय आधी टेकला, मी जराशी कलले.
"हीच!" परकार ओरडला.
खालच्या मजल्यावरचे सुदानी मास्तर खिडकीतून काहीतरी म्हणाले.
तो आशीर्वाद नसावा.

गोष्ट मुहर्रकच्या चहावाल्या म्हाताऱ्याची:
समुद्राच्या तळाशी गोड्या पाण्याचे झरे,
मोती काढणारे बुडी मारून पखाल भरून आणत.
खाऱ्यातून गोडं. भालूला एवढं पुरलं.

अख्खा हिवाळा तो टीव्हीच्या काचेवर ट्रेसिंग पेपर लावून
मला उतरवत बसला.
दिवसा गोदीत जहाजांचे नकाशे, रात्री मी,
आलेखाच्या वहीत चौदा घरं उंच.
चेहऱ्याला मेमरी पुरेना.
"पंचाच राहू दे," म्हणाला.
माझं नाक गेलं,
त्या जागेत एक झरा बसला.

वीस कॅसेट काढल्या, दीड दिनारला एक.
त्यातली एक कुणाच्या बॅगेतून कुठे गेली कोण जाणे.
दोन वर्षांनी हक्क मागायला एक टायवाला आला, तेव्हा
परकारच्या बहिणीचं लग्न ठरलं होतं
आणि भालूचा व्हिसा संपत आला होता.
घासाघीस कुणी केली नाही.

आता सातवा भाग. म्हणे चारशे माणसं राबतात,
एकेक केस वेगळा हलतो.
चेहरा अजून झाकलेलाच. जाणकार सांगतात,
त्यामागे फार मोठं रहस्य आहे.
भालू रोह्याला पंप दुरुस्त करतो.
गेम बघितला की गरगरतं म्हणतो.

माझा मुलगा खेळतो. दरीवरून झेप,
डावा पाय आधी, अंग जरासं कललेलं.
"ही त्याची स्टाइल आहे, आई."
असेल.
थंडीत घोटा ठणकतो, मी बाम चोळत असते.
पडद्यावर तो पुन्हा कडेला येतो,
आणि मी सोफ्यावर
नकळत पाय आखडून घेते.