तीनशे एक्केचाळीस

सालोनिका, १९१२

शहराचा मालक बदलला त्या आठवड्यात
चिखलाचे बूट घेऊन तू थेट वर आलास,
हॉटेल लेव्हांतच्या संगमरवरी जिन्याने,
पायपुसणं ओलांडून.
तिथेच ठरलं, हा माणूस माझा वैरी.

लेफ्टनंट मानूसोस व्लाताकिस,
क्रीटचा, पुरवठा खात्याचा,
कमरेला पिस्तूल, कानामागे पेन्सिल,
आणि भीती वाटावी ती पेन्सिलीची.
'चादरी किती?' मोडक्या फ्रेंचमध्ये विचारलंस.
माझी फ्रेंचही धड नव्हती,
पण खोटं बोलण्यापुरती पुष्कळ होती.
'दोनशे.'

होत्या तीनशे चाळीस.
एकेकीच्या कोपऱ्यात माझ्या हातचा आकडा,
लाल धाग्याचा.
एकशे चाळीस आदल्या रात्रीच
बंद लिफ्टच्या पोकळीत उतरवल्या होत्या मी,
वर कोळशाची पोती.

तू मोजल्यास. दोनदा.
मग कोपरे वाचायला लागलास:
सात, एकोणीस, त्र्याऐंशी, तीनशे बारा.
'दोनशेत ही तीनशे बारावी कुठून आली?'
'बाकीच्या फाटल्या. फडकी झाली त्यांची.'
'एवढी फडकी? फारच घाण करतात तुमचे पाहुणे.'
'आता करायला लागलेत,'
मी तुझ्या बुटांकडे बघत म्हटलं.

तो हिवाळा आपण असा काढला:
मी तुझ्या कॉलरींना इतकी खळ घातली
की मानेवर वळ उठले,
तू धोबीघराचा कोळसा निम्म्यावर आणलास.
दिवाणखान्यातलं तुर्की घड्याळ,
सूर्य बुडाला की बारा दाखवणारं,
तू भिंतीवरून उतरवलंस.
मी रोज दिवेलागणीला
तुझे बारा वाजायची वाट बघत राहिले.

मग जून. किल्किसहून गाड्या आल्या.
नाचाच्या दालनात झुंबरांखाली
माणसं ओळीने निजवली, उघड्या फरशीवर,
आणि तू गुडघ्यांवर बसून
स्वतःचे सदरे फाडत होतास, पट्ट्यांसाठी.
मोजत नव्हतास.
मोजत नसलेला तू मला पहिल्यांदाच दिसलास.

रात्रभर पोती हलवली मी.
नखांत गेलेला कोळसा
पुढे आठवडाभर निघाला नाही.

सकाळी तू दारात उभा,
समोर एकशे चाळीस पांढरे कोपरे,
आणि मी, हात पाठीमागे लपवून.
लष्करापासून माल दडवला तर शिक्षा काय,
ते तूच नोटीस लावून कळवलं होतंस.
कानामागची पेन्सिल काढलीस.
वहीत लिहिलंस: चादरी, दोनशे.
मला दिसेल अशी वही धरलीस,
आणि पाय पुसून आत गेलास.

तुझा एकच सदरा उरला होता.
धुतला, नीळ दिली, खळ मात्र नाही.
कॉलरच्या आत, मानेला लागेल तिथे,
लाल धाग्याने घातलं: ३४१.

तू हिशेबाचा माणूस.
दोनशेनंतर तीनशे एक्केचाळीस कसे येतात
हे मला समजावून सांगावं लागलं नाही.

पुढचं कुठल्याच वहीत नाही.
सिनेगॉगच्या नाही, चर्चच्या नाही.
माझा शनिवार, तुझा रविवार,
मधली एक रात्र कोणाचीच नव्हती,
ती आपण घेतली.
गणवेश उतरवून तू हॉटेलच्याच हिशेबाला बसलास
आणि साबणावरून माझ्याशी भांडत राहिलास.

सतरा सालच्या ऑगस्टात शहर जळलं.
लेव्हांतही गेलं, झुंबरांसकट.
टेकडीवरच्या तंबूत कारकुनाने विचारलं,
'नुकसान? नगांसकट सांगा.'
'चादरी, तीनशे चाळीस,' मी म्हटलं.
मागून तू खाकरलास.
'दोनशे. वहीत दोनशेच आहेत.'
'वही जळली, मानूसोस!'
'वही जळली म्हणून आकडा बदलतो का, जोया?'

रांग खोळंबली. कारकून कपाळाला हात लावून बसला.
आपण राखेत उभे राहून भांडत होतो,
तुझी मान लाल झालेली,
आणि कॉलर उलटून एक धागा बाहेर आला होता,
त्याच रंगाचा.