आधी कुठं बघायचं

हेपवर्थ म्हातारा कंप्यूटर घेऊन आला
कबुतरांच्या टोपलीतून.
वेताची टोपली, कडेला एक पीस अडकलेलं,
आत काळा डबा, वर घडी घातलेला टॉवेल,
जणू त्याला थंडी वाजेल.
बार्न्सलीत मार्च म्हणजे थंडीच.

"जुनी डिस्क टकटकायची," तो म्हणाला.
"नातवानं नवी बसवली आणि गेला लीड्सला.
आता हा उठतच नाही."
आत तीस वर्षांच्या शर्यती आहेत:
कुठलं पाखरू, पायातल्या कडीचा नंबर,
कुठून सोडलं, किती वाजता उतरलं,
सेकंदासकट.

मी बटण दाबलं. पंखा फिरला.
काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ:
सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही.
खाली एक रेघ लुकलुकत होती,
दारात उभ्या माणसानं
घसा खाकरत राहावं तशी.

जेवणं आटोपल्यावर टेबलावर पसारा मांडला.
केबल काढली, फुंकली, पुन्हा बसवली.
दुसऱ्या खोबणीत लावून पाहिली.
मेमरीच्या पट्ट्या लेकीच्या खोडरबरानं पुसल्या.
नाण्याएवढी बॅटरी काढून
शंभरपर्यंत आकडे मोजले, मराठीत,
कारण मोजताना मला दुसरं काही सुचत नाही.
पहिले पाढे पंचावन्न.
फक्त घड्याळ मागं गेलं:
एक जानेवारी दोन हजार नऊ.

सेटिंगच्या निळ्या पानावर नवी डिस्क दिसत होती की!
नाव होतं, आकार होता,
आधी कुठं बघायचं त्या यादीत पहिला नंबर होता.
दार माहीत होतं त्याला.
तिथवर जायचा, आणि परत यायचा.
इथंच घोडं पेंड खात होतं,
आणि मला सकाळी सातची बस होती.

शनिवारी त्याच्या परसात गेले, हार मानायला.
तो खुराडं खरवडत होता.
मी सांगत गेले, तो खरवडत राहिला,
मग म्हणाला, "एकदा आम्ही खुराडं हलवलं.
लांब नाही, चाळीस पावलं, त्या भिंतीपलीकडे.
शर्यतीहून पाखरं आली ती जुन्या जागी.
खाली नुसतं गवत.
हवेतच घिरट्या घालत राहिली, दिवस मावळेपर्यंत."
"मग?"
"मग जुन्या खुराड्याची उतरायची फळी
शोधून आणली. जळणात टाकली होती मी.
नव्याला ठोकली."

मी चहा अर्धा टाकून घरी आले.

जुनी डिस्क पुन्हा जोडली.
टक, टक, टक करत ती कशीबशी जागी झाली.
नातवानं मोठा भाग सगळा हलवला होता,
शर्यती, फोटो, बायकोच्या दवाखान्याची पत्रं.
पण सगळ्यांच्या पुढं एक शंभर एमबीचा तुकडा,
ना नाव ना अक्षर,
ज्यात कुणाचंच काही नसतं,
फक्त, बाबा, इथं पाय ठेव, इथून आत ये.
तेवढा राहिला होता.
पोराचा काय दोष, तो दिसतच नाही.

तुकडा नेला, खूण केली, झाकण न लावताच बटण दाबलं.
पंखा, काळोख, रेघ,
आणि मग सावकाश
एका ओल्या फळीवर बसलेलं निळं कबुतर,
हेपवर्थकडे तिरकं बघणारं.

तारीख दुरुस्त करायला गेले तर म्हणाला,
"थांब जरा."
यादी खाली खाली नेत दोन हजार नऊवर आला,
एका ओळीत सुटल्याची वेळ होती,
पुढचा रकाना कोरा.
चश्मा पुसला. "कर आता," म्हणाला.

पैसे घेणार नाही म्हटल्यावर रुबार्बची जुडी दिली,
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून.
मी त्याचा मेथांबा केला. बरा झाला,
गूळ थोडा जास्त पडला.
जुनी डिस्क टाकून देऊ का, हे विचारायचं राहून गेलं;
ती त्यानं केव्हाच टोपलीत ठेवली होती,
टॉवेलखाली.