हाव

पुस्तकात ती हाव, म्हणजे लोभ.
आमच्या समुद्रपूरकडे तो हाव, म्हणजे होकार.
तोही कसा,
तोंडात खर्रा असताना, मान न वळवता दिलेला,
ऐकलं, एवढंच सांगणारा.

पऱ्हाटीच्या कांड्या करायची मशीन बसवायला
आउलिस आला फिनलंडहून,
नवतपा लागायच्या दोन दिवस आधी.
पुण्याच्या ऑफिसनं मला कागद पाठवला होता:
वेळ पाळा. मध्ये बोलू नका. घरचं विचारू नका.
गप्प बसला तर रागावला समजू नका.
मी तो कागद शेडच्या खांबाला चिकटवला,
दुपारच्या वावटळीनं नेला.

पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, पट्टा कधी येईल?
हाव, सोमवारी, बावणे म्हणाला.
हाव, सोमवारी, मी म्हटलं.
हाव ना ताई, टेन्शन नका घेऊ,
फोनवर ट्रान्सपोर्टवाला खोब्रागडे.
तीन हाव.
आउलिसनं वहीत एकच लिहिला,
तारखेसकट, चौकोनी अक्षरात.

सोमवारी सकाळी आठला तो शेडमध्ये उभा.
पट्टा नागपूरलाही पोचला नव्हता.
रागावला असता तर बरं झालं असतं.
रागाशी कसं वागायचं ते येतं आम्हाला:
चहा मागवायचा, कूलर त्याच्याकडे वळवायचा,
मालकाच्या पोराच्या लग्नाचं काढायचं.
तो नुसता थांबला.
इतका वेळ, की पत्र्यावर चालणाऱ्या होल्याची
नखं ऐकू आली.
आणि तेवढ्या वेळात
मी माझाच हाव उचलून पाहिला.
वरून बोंड. आत कापूस नाही.

म्हटलं, सर, नाही येणार.
गुरुवारपर्यंत तरी नाही.
मला शनिवारीच माहीत होतं.

त्यानं श्वास आत ओढला, आणि त्या श्वासावरच म्हणाला,
यो.
मला वाटलं, ऊन लागलं.
बावणे पाणी आणायला पळाला.
मग कळलं, तो त्यांचा होकार.
त्यांच्याकडे कधीकधी श्वास आत घेताना म्हणतात.
आम्ही बाहेर टाकतो तो
हे लोक आत घेतात.
यावर मोठं काही सांगायचं नाही मला.
त्यानं सोमवार खोडला, गुरुवार लिहिला,
आणि म्हणाला, तोवर बोल्ट तपासू.

दशरथ बावणेचं मात्र त्याच्याशी पहिल्यापासून जमलं.
दोघं निंबाखाली डबे उघडत,
अर्धा तास, एक शब्द नाही.
पोरं विचारत, काय बोलता हो काका त्याच्याशी?
आमचं चालू राहते, बावणे म्हणे.
एकदा आउलिसनं मोबाइलवर फोटो दाखवला,
लाकडाची खोली, दाराशी बर्फ.
ही ऐंशी डिग्री तापवतो, म्हणाला, आणि आत जाऊन बसतो.
बावणेनं फोटो पाहिला. वर सूर्य पाहिला.
काहून?
त्या दिवशी आउलिस पहिल्यांदा हसला,
तेही उशिरा, डबा बंद करताना.

निरोपाला मंडप घातला.
सरपंच चाळीस मिनिटं बोलले,
त्यात मशीन एकदा आली, आणि स्वतः ते पुष्कळदा.
शाल झाली, नारळ झाला.
मग माइक आउलिसकडे.
मशीन चालते, तो म्हणाला. मराठीत.
आणि बसला.
अजून येईल काही, म्हणून मंडप थांबला.
जनरेटरचा आवाज तेवढा.
मग बावणेनं टाळी वाजवली, एकट्यानं,
सावकाश, जशी घाण काढायला चाळणी झटकतो तशी.

आता पुलगावहून व्यापाऱ्याचा फोन येतो:
ताई, मंगळवारी पाचशे पोती होऊन जाते ना?
हाव जिभेवर येऊन बसतो, सवयीचाच.
मी थांबते.
तिकडून हॅलो, हॅलो, आवाज येते का ताई.
येते, म्हणते.
पोती मोजते. मग सांगते.