काळी दोनची सायकल

सकाळचे सात पन्नास. बॅटरी त्रेपन्न टक्के,
कारण काल रात्री चार्जर काढून त्या जागी
नायोचा प्लॅस्टिकचा चंद्र लावला होता.
पुढच्या जाळीत हॉर्न, मागे नायो,
नायोच्या पाठीवर दप्तर,
आणि आम्हा सगळ्यांच्या पाठीवर दक्षिणेचा वारा.
वेलिंग्टनमध्ये त्याला कुणी पाहुणा समजत नाही.

हॉर्न म्हणजे गाडीचा नव्हे.
पितळेची बारा फुटी नळी, वेटोळं करून पोटाशी धरलेली.
हे लोकांना सांगण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं,
उरलेलं गप्प बसायच्या मात्रा मोजण्यात.

मोटर काळी दोनमध्ये गुणगुणते.
चढ लागला की अर्धा सूर वर सरकते.
मागून आवाज येतो, "बाबा, ती चिडली."

शाळेच्या फाटकाशी: हेल्मेट, डबा, बाटली,
रेनकोट, नको, रेनकोट, नको,
बरं, नको.
हात न हलवताच ती गेली.

पुढे बोगदा.
आत शिरलं की इथं प्रत्येक मोटार हॉर्न वाजवते.
रीतच आहे. का, ते विचारलं तर
माणसं हसतात आणि पुन्हा वाजवतात.
कडेच्या उंच पट्टीवरून मी ऐकत जातो:
एक निळी गाडी गंधार, मागची व्हॅन बेसूर मध्यम,
आणि एक टॅक्सीवाला थेट निषाद लावतो
अन् सोडून देतो तसाच, सा न भेटवता.
दिवसभर माझ्या डोक्यात तो लोंबकळत राहतो.

तालमीत पेटी उघडली,
तर माउथपीसच्या खिशात जर्दाळू.
रुमालात नीट गुंडाळलेला.
म्हणजे चोरी नाही, देवघेव.

शेजारच्या खुर्चीवरच्या फिलिपानं तिचं जादा दिलं.
दुसऱ्याच्या चपला एकवेळ पायाला चालतात,
दुसऱ्याचं माउथपीस ओठांना रुळत नाही.
चौसष्ट आवर्तनं गप्प. मोजत होतो.
एक्केचाळीसला मनात आलं, पाऊस लागला वाटतं.
त्रेचाळीसला आलं, रेनकोट.
आणि मी शिरलो. एक आवर्तन आधी,
सत्तर माणसांच्या शांततेत, एकटा, खणखणीत.
कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलंच नाही.
स्टँडवरच्या जर्दाळूकडे पाहिलं.

दुपारी दोन शिकवण्या, दोन वेगळ्या टेकड्यांवर.
एका मुलाला सांगितलं, पोटातून श्वास घे.
दुसऱ्यालाही तेच सांगितलं.
दोघांनी खांदे वर केले.

शाळेत फालेओलो बाईंनी
टिश्यूत बांधलेलं माउथपीस हातावर ठेवलं.
"सतराच्या सतरा जणांनी फुंकून पाहिलं,"
त्या म्हणाल्या, "आवाज फक्त हिचाच निघाला."
(गुरुवारपर्यंत मला सर्दी होणार, हे तिथंच ठरलं.)
नायो कोरडी होती. दुसऱ्याच कुणाचा तरी
जांभळा रेनकोट तिच्या अंगावर.
"यात माशी राहते, बाबा.
फुंकायचं नसतं. तिला राग आणायचा असतो."

वीस वर्षं शिकवतोय मी.
इतकं सरळ मला कधी सांगता आलं नाही.

आता घराकडे. सहा टक्के.
हिनेवाई रात्रपाळीला निघाली असेल,
भात झाकून, चंद्राचं बटण दाबून.
दुकानापाशी तीन. चर्चपाशी एक.
शेवटच्या वळणावर पडदा काळा झाला,
गुणगुण थांबली आणि सायकलीला
एकदम तिचं खरं वजन आलं.

मी उतरणार होतो.
तेवढ्यात मागून काळी दोन सुरू झाली,
बारीक, जराशी चढी, नाकातून.
मोटरच्या जागी ती बसली होती.

मग कसा उतरू?
मारत राहिलो पेडल, दात चावून.
तिनं श्वास घेतला की सायकल अडखळायची,
तिनं सूर धरला की निघायची.

श्वास कुठे घ्यायचा, ते तिला सांगायला हवं.
आज नको.